तो आला की काढेल

"धरलंस का गं?"

"धरलंय!"

"घट्ट?"

"घट्ट!"

"मग सोडू नकोस हां, आभाळ कोसळलं तरी."

आईचा हा आवाज भिंतीतून यायचा. ती लहानपणी आईबरोबर भाड्याच्या दोन खोल्यांत राहायची, तेव्हाची गोष्ट. आई पलीकडे न्हाणीघरात, बेसिनवर रबरी दट्ट्या मारत उभी. आणि ती अलीकडे स्वयंपाकघरात, स्टुलावर चढून, सिंकच्या भोकावर ओलं फडकं दोन्ही तळव्यांनी दाबून धरलेली. दोन्हींच्या नळ्या भिंतीच्या पोटात एकत्र यायच्या. एकीकडे दट्ट्या मारला आणि दुसरीकडचं तोंड बांधलं नाही, की सगळा जोर तिकडून फसकन बाहेर. "नणंदा-भावजया आहेत मेल्या," आई म्हणायची, "एकीचं तोंड दाबलं की दुसरी बोलायला लागते." आणि मग दट्ट्याच्या ठेक्यावर तिचं तिनंच जुळवलेलं काहीतरी गुणगुणायची:

पाणी थांबलं थांबलं, त्याला रागावू नये
वाट अडली कुठं गं, त्याला सांगता न ये

त्या खोल्या गेल्या, ते स्टूल गेलं, आईही गेली. पण कुठं पाणी रेंगाळताना दिसलं की तिच्या कानात ते "धरलंस का गं" उमटायचं. आता ती एका घरची सून होती, आणि त्या घरातलं बेसिन तुंबत चाललं होतं.

एकदम नाही तुंबलं. तुंबणं आजारपणासारखं चोरपावलांनी येतं. आधी चूळ टाकली की पाणी जरा विचार करून जायचं. मग तोंड धुऊन झालं तरी साबणाची साय तळाशी फिरत राहायची. पुढंपुढं तर सासूनं सकाळी वापरलेलं पाणी सून कामावर निघेपर्यंत तिथंच असायचं, आणि त्यात सुनेला आपला चेहरा दिसायचा, मळकट, कडा विरघळलेला.

"आई, हे एकदा काढायला हवं," ती म्हणायची.

"तो आला की काढेल," सासू म्हणायची.

सगळं घरच त्या एका वाक्यावर टांगलेलं होतं. खिडकीची निसटलेली कडी तो आला की बसणार होती. कपाटाचं लोंबतं दार तो आला की सरळ होणार होतं. बेसिनच्या भोकावरची जाळी तर तो असतानाच मोडली होती, पण तीही आता त्याचीच वाट बघत होती. प्लंबरला बोलवू म्हटलं तर सासू चिडायची. "घरात धडधाकट माणूस असताना बाहेरचा कशाला?"

घरात धडधाकट माणूस नव्हता. दोन बायका होत्या. तो, म्हणजे सासूचा लेक आणि हिचा नवरा, दुसऱ्या शहरात काम मिळालं म्हणून गेला होता. निघताना दारात उभं राहून त्यानं खिसा चाचपला होता, किल्ली घेतली का बघायला. घराच्या तिन्ही किल्ल्या एकसारख्या, म्हणून सासूनं प्रत्येकीच्या डोक्याला लोकर गुंडाळून दिलेली. स्वतःच्या किल्लीला पांढरी, सुनेच्या किल्लीला लाल, लेकाच्या किल्लीला हिरवी.

"आई, हा तर सिग्नल झाला," तो तेव्हा हसला होता.

"सिग्नलला पांढरा कुठं असतो रे?"

"मग तुझी कसली?"

"माझी तशीच. म्हातारीला कोण थांबवतंय नि कोण सोडतंय!"

सुरुवातीला त्याचा फोन रोज यायचा. मग दिवसाआड, मग आठवड्याला. आणि एकदा सून कामावर असताना आला. चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून काचा घासायच्या आणि फ्रेममध्ये बसवायच्या, हे तिचं काम. यंत्र घरघरत होतं, काचेवर पाणी ठिबकत होतं, त्यामुळे त्याचं पहिलं वाक्य तिला ऐकूच गेलं नाही. "काय?" ती म्हणाली, आणि ते त्याला पुन्हा म्हणावं लागलं. मी परत यायचा नाही. इथं कुणीतरी आहे माझं. आईला तू सांग, तुला नीट सांगता येईल.

तिला नाही सांगता आलं. त्या संध्याकाळी घरात पाऊल टाकलं तर सासू दारातच. "आला का गं फोन?"

"आला होता. हे बरे आहेत. काम फार आहे म्हणाले."

सासूपुढं नवऱ्याला 'हे' म्हणायची तिची रीत होती. मनात मात्र त्या फोनपासून 'हे' संपले आणि उरला तो नुसता 'तो'. तोंडानं 'हे' म्हणताना जीभ अंधारात पायरी चुकावी तशी अडखळायची. पण म्हणायची. म्हातारीचं काळीज आधीच औषधाच्या गोळ्यांवर चाललेलं. एका वाक्यानं ते थांबलं तर?

त्यात दुकानाची मालकीण मागं लागली होती. तिचं दुसऱ्या गावात नवं दुकान निघत होतं, वर राहायला खोली होती. "तुझ्यासारखा हात मला मिळायचा नाही. येतेस का नाही, एकदाचं सांग बाई." सून नुसतं "बघते" म्हणायची. जायचं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार. ज्याच्यामुळे या दोघी एकमेकींच्या कुणीतरी झाल्या, तोच मधून उठून गेलेला. मग त्या एकमेकींच्या कोण?  ती रोज संध्याकाळी लाल लोकरीच्या किल्लीनं दार उघडायची, किल्ली खिळ्याला अडकवायची, आणि दिवस ढकलायची.

सुट्टीचा दिवस होता. आभाळ राखेसारखं, दुपार असून दुपार न वाटणारं. सून न्हाणीघराशी आली तर सासू बेसिनपुढं उभी. गाल फुगलेले, डोळे भरलेले. गोळी घेऊन तोंडात चूळ धरलेली, पण टाकायला जागा नाही. बेसिन काठोकाठ भरलेलं. म्हातारी एकदा पाण्याकडं बघायची, एकदा सुनेकडं. त्या भरल्या तोंडानं तिला ना बोलता येत होतं ना गिळता.

सुनेनं प्लास्टिकचा मग तिच्या हनुवटीखाली धरला. "टाका यात."

सासूनं चूळ टाकली, तोंड पुसलं. "तो आला की..."

"आई, आज काढूच."

"कोण काढणार?"

"आपण दोघी."

 बटणांच्या कारखान्यात उभी हयात गेलेली सासूची बोटं, आता सांध्यांत सुजलेली, हवेतच काहीतरी निवडत राहिली.

दट्ट्या खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीकडं होता. तिची जीभ तिच्या कात्रीहून धारदार. "ये चष्मेवाली! दट्ट्या देते, पण तो मारायला दंड लागतात. तुझे हात म्हणजे काडेपेटीतल्या काड्या."

"काड्यांनीच पेटतं, मावशी."

"अगं, पण पाण्यात काडी काय पेटवणार? ती तुंबलेलं काढायची भुकटी मिळते दुकानात, ती ओत की."

"आई म्हणायची, भुकटी आत अर्धवट राहिली तर तिचाच दगड होतो. आधी हात, मग औषध."

"शहाणी होती तुझी आई." शिंपिणीनं दट्ट्या पुढं केला आणि तसाच धरून ठेवला. काहीतरी विचारायचं, का सांगायचं, तिच्या ओठांवर आलं होतं. मग तिनं मान खाली घातली आणि सुईत दोरा ओवायला घेतला. "जा बाई. मी आपली शिवते. उसवायचं काम माझं नव्हे."

काय म्हणायचंय हिला, असं जिना चढताना सुनेच्या मनात आलं. पण हातात दट्ट्या होता आणि वर म्हातारी वाट बघत होती.

तिनं आधी मगानं बेसिनमधलं पाणी उपसलं. भोकात सोडा घातला, वरून व्हिनेगर ओतलं. फसफस झाली, पांढरा फेस भोकातून वर आला, काठापर्यंत चढला, आणि बसला. पाणी जागचं हललं नाही.

"फेसच फार," दारातून सासू म्हणाली. "माणसंही असतात अशी."

सुनेनं चमकून वळून पाहिलं. म्हातारी भिंतीकडं बघत होती.

मग कढत पाणी. उकळतं नाही, उकळत्यानं प्लास्टिकचे सांधे ढिले होतात, हेही आईचंच. तेही तुंबून राहिलं, वाफाळत. आता दट्ट्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि दट्ट्या म्हणजे दोघींचं काम. सुनेनं स्वयंपाकघरात सिंकपुढं स्टूल ठेवलं, सासूला बसवलं, फडकं भिजवून भोकावर घातलं आणि म्हातारीचे दोन्ही तळवे त्यावर ठेवले.

"असं दाबून धरायचं. मी हाक मारली की ओ द्यायची. सोडायचं नाही."

"मला शिकव आता तू," सासू म्हणाली. "अगं, तुझ्या जन्माआधीपासून धरून बसलेय मी कायकाय."

न्हाणीघरात येऊन सुनेनं बेसिनच्या काठाखालचं छोटं भोकही चिंधीनं बुजवलं, दट्ट्या बसवला, आणि कुणाच्या तरी उसन्या आवाजात ओरडली, "धरलंत का?"

भिंतीतून आवाज आला, "धरलंय!"

"घट्ट?"

"घट्ट गं बाई, घट्ट!"

 आयुष्यभर भिंतीच्या त्या बाजूला ती होती. या बाजूला आई असायची.

तिनं दट्ट्या दाबला, ओढला. दाबताना बेतानं, ओढताना जोर. "ढकलू नकोस, ओढ," आई सांगायची, "ढकललेलं पुढं जाऊन बसतं, मग ते कुणालाच सापडत नाही." तिचे ओठ आपोआप हलायला लागले:

ओढ हलक्या हातानं, नको देऊस गं धक्का
धक्का दिल्या गाठीचा गं होई मुक्काम पक्का

"काय गातेस?" भिंत म्हणाली.

"आईचं आहे."

"चांगलं आहे. रडकं आहे, पण चांगलं आहे."

पाणी खालून हुंकार देत होतं. काळे कण वर येत होते, पण वाट मोकळी होत नव्हती. आत काहीतरी होतं जे दर ओढीला हलायचं आणि पुन्हा जागच्या जागी बसायचं. नुसते केस असे बसत नाहीत. तिनं दट्ट्या बाजूला ठेवला, उकिडवी बसली, बेसिनखाली डोकावली. नळीच्या वळणाशी प्लास्टिकची वाटी होती, आट्यांची, हातानं फिरवून काढायची. जे पुढं जाऊ शकत नाही ते त्या वाटीत राहतं.

"आई, आता खालची वाटी उघडते."

 भिंतीतून आवाज आला, "नको."

"का?"

"आतली रबरी चकती जुनी आहे. फाटेल. मग सगळं गळत बसेल. राहू दे, तो आला की बघेल."

"तो येईपर्यंत काय तोंडात चूळ धरून बसायचं?"

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. 'तो' म्हणाली होती ती.

"काय म्हणालीस?" सासूचा आवाज बारीक झाला.

"हे. हे येईपर्यंत, म्हटलं."

"हं."

 सुनेनं बादली बेसिनखाली सरकवली. वाटीभोवती फडकं गुंडाळलं, कारण ओल्या हाताला पकड येत नाही, आणि दोन्ही हातांनी पिरगाळलं. वाटी हटून बसली होती. तिनं दात आवळून पुन्हा पिरगाळलं. आटे कुरकुरले, ढिले झाले, आणि काळं पाणी भसकन बादलीत पडलं. इतके दिवस साचलेल्याचा एक वास असतो, कुजकाही नाही आणि साबणाचाही नाही. तो सगळ्या न्हाणीघरात भरला.

वाटीच्या तळाशी एक गठ्ठा होता. मेलेल्या उंदराएवढा, काळाकरडा, साबणानं बुळबुळीत. सासूचे पिकले केस, हिचे काळे, सगळे एकमेकांत गुंतलेले. पण गठ्ठा वजनाला जड होता. तिनं तो मगातल्या पाण्यात धुतला. बोटांनी केस सोडवत गेली. केस सुटेनात, आत कशाला तरी चिकटून बसले होते, लोकरीसारख्या कशाला तरी.

लोकरच होती. हिरवी.

तिनं ती तळहातावर घेतली. किल्ली गंजली नव्हती, फक्त काळवंडली होती. डोक्याभोवतीचे वेढे जसेच्या तसे, सासूच्या हातचे, घट्ट.

दारात खिसा चाचपून तो गेला होता. किल्ली त्याच्याबरोबर गेली होती. ती जर इथं आहे, या घराच्या पोटात, तर तो येऊन गेला होता. ती काचा घासत बसली असताना, कधीतरी भर दुपारी, तो जिना चढून आला होता. आणि सासूला माहीत होतं. रोज संध्याकाळी "आला का गं फोन" विचारणाऱ्या, रोज सकाळी "तो आला की" म्हणणाऱ्या सासूला माहीत होतं. शिंपिणीलाही जिन्यात दिसला असणार.

आधी तिच्या कानशिलात कढ आला. तोंडावरचं 'हे', ती अडखळणारी पायरी, सगळं कुणासाठी सांभाळलं होतं? उठून पलीकडं जावं आणि ही किल्ली त्या सुजल्या बोटांपुढं आपटावी, असं वाटलं. मग तिला मघाची म्हातारी आठवली, तोंडात चूळ धरून उभी असलेली. टाकायला जागा नाही, गिळता येत नाही. किती दिवस धरून असेल ही?

"काय निघालं?" भिंतीतून आवाज आला.

तिनं किल्ली मुठीत मिटली.

"अगं, काय निघालं?"

"केस," सून म्हणाली. "केस आणि साबण."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

तिनं किल्ली खिशात टाकली. वाटी घासली, चकती बोटानं चाचपून पाहिली. फाटली नव्हती, चांगली धडधाकट होती. ती नीट बसवून वाटी आवळली. नळ सोडला. पाणी बेसिनमध्ये पडलं, गोल फिरलं, आणि एकही क्षण न थांबता खाली गेलं. भिंतीच्या पोटातून गडगड करत गेलेला त्याचा आवाज पार स्वयंपाकघरापर्यंत पोचला असणार. 

हात धुऊन ती स्वयंपाकघरात आली. सासू तशीच बसली होती, सिंकवर वाकून, दोन्ही तळवे फडक्यावर. नखं पांढरी पडली होती.

"सोडा आता, आई. झालं."

सासूनं हात काढले नाहीत.

"आई, मोकळं झालं. ऐकलं नाही का पाणी?"

"ऐकलं." म्हातारी सिंककडंच बघत होती. "खोटं बोलता येत नाही तुला. लग्न होऊन आलीस तेव्हापासून बघतेय. 'हे' म्हणतेस तेव्हा तर मुळीच येत नाही."

सून तिच्या शेजारी जमिनीवर बसली. खिशातली किल्ली मांडीला टोचत होती. विचारायचं काही उरलं नव्हतं, आणि ढकलायचं तर तिला नव्हतंच. खिडकीबाहेर तेच राखेसारखं आभाळ होतं. फडक्यातून निथळलेलं पाणी सासूच्या कोपरांवरून ओघळत होतं, एकेक थेंब स्टुलाच्या पायाशी पडत होता.

"तो आला होता," अखेर सासू म्हणाली. "बसलासुद्धा नाही. किल्ली माझ्या हातात दिली, म्हणाला, मला आता लागायची नाही. मी ती घेऊन घरभर फिरले. जिथं ठेवावी तिथं तुला दिसली असती. तेवढ्यात जिन्यात तुझी पावलं वाजली, मी बेसिनपाशी होते, आणि हातातून सोडून दिली मी ती. तुला वाईट वाटेल म्हणून नाही लपवलं गं. तेवढी चांगली नाहीये मी. मला वाटलं, तुला कळलं तर तूही तुझी लाल किल्ली माझ्या हातात ठेवशील आणि जाशील."